समासातली नोंद

देवाने एखाद्या व्यक्तीला धर्मगुरूच्या किंवा व्रतस्थाच्या जीवनासाठी बोलावणे, ज्याला मराठी कॅथलिक समाजात पाचारण म्हणतात, ही त्या व्यक्तीच्या अंतःकरणात एकांतात घडणारी गोष्ट आहे, अशी समजूत भाविकांमध्येही सर्रास आढळते. प्रार्थनेत गढून गेलेला तरुण, त्याला आलेली प्रचिती आणि त्यानंतर त्याने केलेला गृहत्याग हे चित्र संतचरित्रांनी पिढ्यान्‌पिढ्या मनावर ठसवले आहे. त्यामुळे धर्मगुरू हा समाजाच्या बाहेरून पाठवला जातो आणि धर्मग्रामाने त्याचे स्वागत तेवढे करायचे असते, असे नकळत गृहीत धरले जाते. धर्मग्रामाच्या कार्यालयात, रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आणि वेदीमागच्या खोलीत वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसांचा अनुभव वेगळा आहे. पाचारण देवाकडून येते या श्रद्धेला जराही धक्का न लावता हा अनुभव असे सांगतो की, ते ओळखले जाते, तावून सुलाखून पाहिले जाते आणि पुढे आयुष्यभर निभावले जाते ते माणसांच्या संगतीत, आणि ही माणसे बहुतेक वेळा धर्मग्रामातलीच असतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाविषयी २८ ऑक्टोबर १९६५ रोजी काढलेल्या आदेशात पाचारणे जोपासण्याची जबाबदारी संपूर्ण ख्रिस्ती समाजावर टाकली, आणि १९८३ च्या धर्मसंहितेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या अंतर्गत कायद्याच्या ग्रंथाने, कलम २३३ मध्ये तीच जबाबदारी कायद्याच्या भाषेत मांडली. प्रवचनात हे विधान चटकन पटते, पण त्याचा अर्थ उलगडतो तो रोजच्या कामात.

धर्मग्राम म्हणजे बिशपांच्या अधिकाराखालील धर्मप्रांताचा एक निश्चित भाग, त्यात राहणारा श्रद्धावंतांचा समुदाय आणि त्याच्यासाठी नेमलेला प्रमुख धर्मगुरू. धर्मप्रांताची धर्मग्रामांत विभागणी करणे कायद्याने आवश्यक असल्यामुळे आणि धर्मग्राम सर्वसाधारणपणे प्रादेशिक असल्यामुळे, नकाशावरची कोणतीही वाडीवस्ती कोणाच्याच जबाबदारीत नाही असे होत नाही. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे तालुके १८८६ मध्ये स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात येतात. या विस्तीर्ण धर्मप्रांतातून पुढे १९८७ मध्ये नाशिक आणि २००५ मध्ये सिंधुदुर्ग हे धर्मप्रांत वेगळे झाले. राजगडाच्या ज्या दरवाजाला पायथ्याच्या गावामुळे पाली दरवाजा हे नाव मिळाले, त्या पालीत बदलीवर आलेल्या एखाद्या परिचारिकेचे, शिक्षकाचे किंवा अभियंत्याचे कॅथलिक कुटुंब राहायला आले, तर तेही कोणत्या तरी धर्मगुरूच्या जबाबदारीचे होते. भाताची खाचरे, डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या आणि आषाढ-श्रावणात कोसळणारा पाऊस अशा या मुलखात रविवारच्या मिस्सासाठी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस यांच्या अर्पणाच्या कॅथलिक उपासनेसाठी, दर आठवड्याला शहर गाठणे त्या कुटुंबाला जमेलच असे नाही. अशा वेळी धर्मगुरूने तिकडे जायचे असते. गरीब, दुःखी, एकाकी आणि आपल्या मातीपासून दूर पडलेल्या माणसांना विशेष कळकळीने शोधून काढावे, असे प्रमुख धर्मगुरूच्या कर्तव्यांत स्पष्ट लिहिलेले आहे.

असा धर्मगुरू घरी येतो तेव्हा त्याच्याजवळ मिस्साच्या साहित्याची एक छोटी पेटी असते. जेवणाचे किंवा अभ्यासाचे टेबल पुसून त्यावर पांढरे कापड अंथरले जाते, मग पेटीतून लहान चषक, तबकडी, द्राक्षरसाची कुपी, खमीर नसलेल्या पातळ भाकरी, क्रूस आणि दोन मेणबत्त्या निघतात, आणि खांद्यावर पट्टवस्त्र चढवेपर्यंत घरातल्यांशी गप्पा मारणारा माणूस त्यानंतर वेगळ्या आवाजात बोलू लागतो. त्या घरातल्या मुलांनी चर्चचे शिल्प, ऑर्गन किंवा गायकवृंद पाहिलेला नसेल, पण धर्मगुरू कशासाठी असतो हे त्यांना त्या टेबलापाशी जेवढे नेमके कळते, तेवढे मोठ्या शहरी चर्चच्या शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलांना कदाचित कळत नाही. पुणे शहरातही कॅथलिक जीवनाची सुरुवात अशा घराबाहेर पडलेल्या माणसांपासूनच झाली. पेशव्यांच्या सैन्यात चाकरीस असलेल्या कॅथलिकांसाठी सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये जागा दिली, आणि त्या जागेवरचे क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च आजही चालू आहे.

धर्मग्राम कार्यालयातील कारकुनाला पाचारणाचा सर्वांत जवळून परिचय होतो तो बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतून. बाप्तिस्मा म्हणजे जलसंस्कार, ज्याने व्यक्ती चर्चची सदस्य होते. या वहीत बालकाचे नाव, जन्मतारीख, संस्काराची तारीख, आईवडिलांची व धर्ममातापित्यांची नावे आणि संस्कार देणाऱ्या धर्मगुरूची सही अशा रकान्यांपलीकडे एक रिकामा समास सोडलेला असतो, आणि नवख्या माणसाला तो कागदाचा अपव्यय वाटतो. पण धर्मसंहितेनुसार त्या व्यक्तीच्या आयुष्यातील पुढच्या निर्णायक घटना तेथेच नोंदवायच्या असतात: दृढीकरण, म्हणजे श्रद्धेत स्थिर करणारा संस्कार, विवाह, व्रतस्थ संस्थेतील आजीवन व्रते आणि गुरुदीक्षा. कोल्हापुरात लग्न लागले किंवा झारखंडमध्ये कोणी आजीवन व्रते घेतली, तरी तेथून पत्र येते ते बाप्तिस्मा झालेल्या धर्मग्रामाच्या पत्त्यावर, आणि कारकून जुनी वही काढून, पिवळ्या पडलेल्या पानावर आधीच्या कोणाच्या तरी वळणदार अक्षराशेजारी, आपल्या अक्षरात एक ओळ लिहितो. विवाहासाठी किंवा गुरुविद्यालयातील प्रवेशासाठी बाप्तिस्म्याचा जुना दाखला चालत नाही, नव्याने काढलेलाच लागतो, याचे कारणही हेच आहे, कारण समासात आजवर काय लिहिले गेले हे नव्या दाखल्यावरच उतरते.

ही वही चाळताना ध्यानात येते की, ज्यांच्या समासात गुरुदीक्षेची नोंद आहे त्यांच्या मुख्य नोंदी इतरांपेक्षा कशानेही वेगळ्या नसतात. त्याच आठवड्यात बाप्तिस्मा झालेल्या दुसऱ्या बालकांपैकी कोणी रिक्षा चालवतो, कोणी आखाती देशात नोकरी करतो, कोणी शेती सांभाळतो. दोन नोंदींच्या मधल्या पंचवीस-तीस वर्षांत काय घडले ते वहीत कोठेच नसते, आणि खरा विषय तोच आहे. ते घडते कोठे, हे धर्मग्रामात काम करणारे जाणतात. पहाटेच्या मिस्साला वेदीसेवक म्हणून उभा राहणारा, घंटा चुकीच्या वेळी वाजवून गोंधळणारा आणि तरीही दुसऱ्या दिवशी परत येणारा दहा वर्षांचा मुलगा, संध्याकाळच्या रोझरीला, म्हणजे मण्यांच्या माळेवरच्या प्रार्थनेला, घरातल्या सर्वांना एकत्र बसवणारी आजी, आजाऱ्याकडे जाताना 'चल रे, पेटी धर' म्हणून त्या मुलाला सोबत घेणारे फादर, आणि त्याच्या वहीतल्या प्रश्नाला उडवून न लावता पुढच्या रविवारी उत्तर घेऊन येणाऱ्या सिस्टर, या सगळ्यांच्या वागण्यातून ते घडत जाते. यांपैकी कोणालाही आपण पाचारण जोपासत आहोत असे वाटत नसते. मुलांना मुद्दाम बसवून 'तुमच्यापैकी कोण फादर होणार?' असे विचारण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण हात वर होतात ते विचारणाऱ्याला खूश करण्यासाठी.

मनात इच्छा आली म्हणून कोणी धर्मगुरू होत नाही, ही गोष्ट कॅथलिक नसलेल्या वाचकांना अनेकदा नवी वाटते. धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी प्रत्येक धर्मप्रांताने विद्यालये काढावीत असा निर्णय ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये घेतला, आणि पुढे गुरुविद्यालय, म्हणजे सेमिनरी, हा या मार्गावरचा अनिवार्य टप्पा झाला. आजच्या नियमांनुसार तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान, म्हणजे थिऑलॉजी, यांचा मिळून किमान सहा वर्षांचा अभ्यास असतो, त्याआधी पूर्वतयारीचा काळ असतो आणि मध्ये किंवा शेवटी प्रत्यक्ष धर्मग्रामात राहून काम करण्याचा कालावधी असतो. तेरावे लिओ पोप असताना १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे सुरू झालेले आणि १९५५ मध्ये पुण्याला नगर रस्त्यावर हलवलेले पेपल सेमिनरी याच कामासाठी उभे आहे, आणि भारताला धर्मगुरू मिळावेत ते भारताच्याच लेकरांतून, हा त्याच्या स्थापनेमागचा विचार होता. त्या परिसरातल्या ज्ञानदीप या संस्थेत देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले विद्यार्थी एकत्र शिकतात. पुण्याच्या बहुतेक रहिवाशांना त्या कुंपणाच्या आत काय चालते याची कल्पना नसते. आसपासच्या धर्मग्रामांना मात्र शनिवार-रविवारी धर्मशिक्षण द्यायला आणि वस्त्यांत घरभेटी घ्यायला येणारे हे तरुण 'ब्रदर' म्हणून चांगले परिचयाचे असतात.

शिक्षण पूर्ण झाल्यावर आधी डीकनपद मिळते. डीकन हा दीक्षित सेवकांतील पहिल्या पायरीवरचा असतो. तो बाप्तिस्मा देऊ शकतो, विवाह लावू शकतो आणि प्रवचन करू शकतो, पण मिस्सा अर्पण करणे किंवा पापांची क्षमा देणे त्याच्या अधिकारात नसते. धर्मगुरुपदासाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात आणि डीकनपदानंतर किमान सहा महिने जावे लागतात. दीक्षेआधी उमेदवाराच्या योग्यतेची चौकशी होते, आणि अनेक धर्मग्रामांत त्याचे नाव वेदीवरून जाहीर करून, कोणाला काही अडथळा ठाऊक असेल तर तो कळवावा असे आवाहन केले जाते. गुरुदीक्षेच्या विधीतही बिशप उमेदवार योग्य आहे का असे विचारतात, आणि उत्तर देणारा धर्मगुरू ख्रिस्ती लोकांकडे केलेल्या चौकशीचा हवाला देऊन त्याच्या योग्यतेची ग्वाही देतो. विधीचे चित्रीकरण पाहणाऱ्याचे लक्ष उमेदवाराने जमिनीवर पालथे पडून केलेल्या समर्पणाकडे, बिशपांनी मस्तकावर ठेवलेल्या हातांकडे आणि तळव्यांना लावलेल्या पवित्र तेलाकडे जाते, आणि ते स्वाभाविक आहे. तरी त्या चौकशीच्या एका वाक्यात शेजारीपाजारी, शिक्षक, किराणा दुकानदार आणि लहानपणी ज्याच्याशी भांडण झाले तो मित्र, असे सगळेच नकळत सामील झालेले असतात.

या दीर्घ वाटेवरून परत येणाऱ्यांविषयी धर्मग्राम पुरेसा मोकळेपणाने बोलत नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. गुरुविद्यालयात किंवा नवशिक्षणगृहात, म्हणजे व्रतस्थ संघाच्या प्राथमिक शिक्षणाच्या घरात, गेलेल्यांपैकी बरेच जण पहिल्या काही वर्षांत, काही तर ईशज्ञानाच्या शेवटच्या वर्षी, विचारपूर्वक घरी परततात. परीक्षण करणे हाच या शिक्षणाचा एक उद्देश असल्यामुळे 'हा माझा मार्ग नाही' असा निष्कर्ष निघणे हेही त्याचे यशच आहे. परंतु गावात मात्र 'तो परत आला' हे वाक्य हलक्या आवाजात उच्चारले जाते, आई काही महिने मिस्सानंतर कोणाशी न बोलता घर गाठते, आणि मुलगा चर्चच्या मागच्या दाराने ये-जा करू लागतो. अशा तरुणाला वाचकगटात, गायकवृंदात किंवा धर्मशिक्षणात पहिल्याच महिन्यात कामाला लावणारा प्रमुख धर्मगुरू त्याच्यावर फार मोठे उपकार करतो. ज्या वसईच्या संताचे नाव मराठी कॅथलिक अभिमानाने घेतात, त्या गोन्सालो गार्सिया यांचे आयुष्य या संदर्भात मुद्दाम आठवावे. ते जपानमध्ये येशूसंघीयांसोबत, म्हणजे जेझुइट संघाच्या सदस्यांसोबत, प्रचारक म्हणून कित्येक वर्षे राबले, पण त्या संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. मग त्यांनी व्यापार केला, फिलिपिन्समध्ये मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात सामान्य ब्रदर झाले, दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाले. १८६२ मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आले. ते धर्मगुरू कधीच नव्हते. नकार मिळालेल्या माणसाचे पाचारण संपत नाही, हे समजावून सांगायला यापेक्षा जवळचा दाखला मराठी धर्मग्रामाला मिळणार नाही.

येथे एक फरक स्पष्ट करायला हवा, कारण तो कॅथलिकांच्या बोलण्यातही पुसट झालेला असतो. धर्मप्रांतीय धर्मगुरू आपल्या बिशपांना आज्ञापालनाचे वचन देतो आणि ब्रह्मचर्य स्वीकारतो, पण दारिद्र्याचे व्रत घेत नाही. व्रतस्थ मात्र एखाद्या संघात राहून दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीनही व्रते घेतात. व्रतस्थ पुरुषांपैकी काही धर्मगुरू असतात आणि काही ब्रदरच राहतात. धर्मभगिनी दीक्षित सेवकवर्गात मोडत नाहीत. त्यांचे जीवन व्रतांवर उभे असते, किमान वर्षभराचे नवशिक्षण, त्यानंतर काही वर्षांची तात्पुरती व्रते आणि मग आजीवन व्रते असा त्यांचा क्रम असतो. धर्मग्रामाच्या कारभाराच्या बैठकांत धर्मभगिनींचा आवाज बहुतेकदा शेवटी ऐकला जातो, परंतु कोणत्या घरात दारूने धुमाकूळ घातला आहे, कोणत्या विधवेला रेशन मिळत नाही आणि कोणत्या मुलीचे शिक्षण थांबवले जाणार आहे, हे सर्वांत आधी त्यांनाच कळते. अंधेरी येथे १९४२ मध्ये ॲना ह्युबेर्टा रोगेनडॉर्फ या जर्मन धर्मभगिनीच्या पुढाकाराने सुरू झालेल्या हेल्पर्स ऑफ मेरी या संस्थेच्या भगिनींनी अनाथ मुले आणि कुष्ठरुग्ण यांची केलेली सेवा महाराष्ट्राच्या इतिहासाचा भाग आहे. मात्र अशा प्रसिद्ध कामांपलीकडे, बालवाडी, औषधांचे कपाट, शिवणवर्ग आणि आजाऱ्यांपर्यंत ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सातील पवित्र भाकर, पोहोचवणे या सततच्या कामांत हजारो भगिनींची आयुष्ये गेली आहेत, आणि ज्या धर्मग्रामातून धर्मगुरू निघाले तेथे बहुधा आधी अशा भगिनी राहून गेलेल्या असतात, असे निरीक्षण जुने कार्यकर्ते आवर्जून सांगतात.

प्रमुख धर्मगुरूचा दिवस बाहेरून पाहणाऱ्याला शांत वाटतो. सकाळच्या मिस्सानंतर कोणी मेलेल्या नातेवाइकासाठी मिस्साचा हेतू नोंदवायला येतो, कोणी विवाहाच्या चौकशीसाठी जोडीने येतो, शाळेच्या छपराचा कंत्राटदार थांबलेला असतो, दुपारी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातले कागद असतात, संध्याकाळी दोन भावांच्या जमिनीच्या वादात त्याला मध्ये घेतले जाते, आणि रात्री अकराला रुग्णालयातून फोन येतो. दर रविवारी धर्मग्रामातील लोकांसाठी, जिवंतांसाठी व मृतांसाठी, एक मिस्सा अर्पण करणे त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि त्या मिस्सासाठी त्याने कोणाकडूनही दान घ्यायचे नसते. प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे पापांच्या कबुलीत, ऐकलेले काहीही कोणत्याही कारणाने उघड न करण्याच्या बंधनामुळे तो पुष्कळ जणांचे ओझे वाहतो आणि ते कोणाजवळ उतरवू शकत नाही. येथे अनुभवाचा एक ठाम निष्कर्ष नोंदवला पाहिजे. गेल्या काही दशकांत धर्मगुरूंचा वेळ इमारती, शाळा, हिशेब आणि परवानग्या यांनी व्यापला गेला, आणि या कामांची क्षमता असलेले प्रापंचिक, म्हणजे दीक्षित किंवा व्रतस्थ नसलेले सामान्य श्रद्धावंत, धर्मग्रामात उपलब्ध असूनही ती त्यांच्याकडे पूर्णपणे सोपवली गेली नाहीत. आर्थिक मंडळ प्रत्येक धर्मग्रामात असणे कायद्याने आवश्यक आहे. त्याने हिशेबावर सह्या करण्यापुरतेच उरू नये. ज्या तरुणाने धर्मगुरूला बहुतेक वेळा सिमेंटच्या गोण्या मोजतानाच पाहिले, त्याला त्या जीवनाची ओढ वाटण्याचे कारण नाही.

मराठी भाषेचा प्रश्न या सगळ्याशी घट्ट जोडलेला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषांत होऊ लागला, आणि लॅटिनमधला मिस्सा कान देऊन ऐकण्याची सवय असलेल्या पिढीला वेदीवरून मराठी ऐकू आली. वसईत ही भाषा घरचीच होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर युरोपीय धर्मगुरूंना तो प्रदेश सोडावा लागला आणि धर्मग्रामांची धुरा स्थानिक धर्मगुरूंच्या खांद्यावर आली, तेव्हापासून तेथील पाचारणांना मातीचा आधार मिळाला, असे म्हणता येईल. १९९८ मध्ये वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. नंदाखाल येथे १९४२ मध्ये जन्मलेले आणि १९७२ मध्ये दीक्षित झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले, हरित वसईच्या चळवळीत ते उभे राहिले, 'सुबोध बायबल'साठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा कॅथलिक नसलेल्या घरांतही हळहळ व्यक्त झाली. पुण्यात शनिवार पेठेतील स्नेहसदन ज्यांनी उभारले ते फादर मॅथ्यू लेडर्ले हे जर्मन येशूसंघीय महाराष्ट्रातील विचारपरंपरेचे अभ्यासक होते, आणि त्यांचा व मराठी विद्वानांचा संवाद हा एका परक्या माणसाने भाषेतून आपलेपणा मिळवण्याचा वस्तुपाठ आहे. आज पुणे, नाशिक आणि नगरच्या मराठी धर्मग्रामांत केरळ, तमिळनाडू, गोवा किंवा मंगळूरहून आलेले धर्मगुरू आणि भगिनी काम करतात. त्यांची तळमळ वादातीत आहे. पण अंत्यविधीच्या वेळी मृताच्या बायकोशी तुटक हिंदीत बोलणे आणि तिच्या बोलीत 'रडा बाई, रडून घ्या' असे म्हणणे यांत जो फरक आहे तो व्याकरणाच्या वर्गात भरून निघत नाही. ज्यांनी पहिले वर्ष हातात वही घेऊन शेतावर, नळावर आणि हरेगावच्या मतमाऊलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेत घालवले, त्यांच्या प्रवचनाला पुढे गर्दी होते.

पाचारणे कमी होत आहेत ही चिंता सर्वत्र ऐकू येते, आणि १९६४ पासून पुनरुत्थान काळातल्या, म्हणजे ईस्टरच्या काळातल्या, एका रविवारी, आता चौथ्या रविवारी, जगभर पाचारणांसाठी खास प्रार्थना केली जाते. कारणेही सर्वांना ठाऊक आहेत: घरात दोनच मुले, त्यांतला एक देण्याची आईवडिलांची भीती, शिक्षण व परदेशाच्या संधी, आणि अधिकारपदाचा गैरवापर झालेल्या प्रकरणांमुळे जगभर तडा गेलेला विश्वास. शेवटच्या कारणाविषयी धर्मग्रामाने संकोच बाळगू नये, कारण मुलांच्या सुरक्षिततेचे नियम ज्या धर्मग्रामात उघडपणे सांगितले व पाळले जातात, तेथेच पालक आपल्या मुलांना वेदीसेवेला निश्चिंतपणे पाठवतात. घटत्या संख्येवर आकडेवारीच्या तक्त्यांपेक्षा एका साध्या प्रश्नाचा विचार अधिक उपयोगी पडतो: या धर्मग्रामातील धर्मगुरू आणि भगिनी आनंदी दिसतात का? एकटे जेवणारा, सणाच्या दिवशी सगळ्यांच्या घरी आशीर्वाद देऊन संध्याकाळी कुलूपबंद निवासात परतणारा धर्मगुरू मुले पाहत असतात, आणि घरी त्याच्याविषयी काय बोलले जाते तेही ऐकत असतात. रविवारी रात्री त्याला हक्काने जेवायला बोलावणारी दोन-चार घरे ज्या गावात आहेत, तेथली परिस्थिती निश्चितच निराळी असते.

काही वर्षांनी धर्मगुरूची बदली होते. बिशपांनी केलेल्या नेमणुकीला मुदत असल्यामुळे हे अटळ आहे, आणि त्यात शहाणपणही आहे, कारण एकाच माणसाभोवती धर्मग्राम गोळा होऊ नये. हस्तांतराच्या दिवशी नोंदवह्या, बँकेची पासबुके, जमिनीची कागदपत्रे आणि किल्ल्या यांची यादी करून नव्या धर्मगुरूच्या सह्या घेतल्या जातात. जे यादीत येत नाही ते असे: बाराव्या घरातली म्हातारी दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तशरीराची वाट पाहते, चौकातल्या गॅरेजवाल्याने पाच वर्षे चर्चमध्ये पाऊल टाकले नाही पण फादर रस्त्यात थांबले तर तो बोलतो, आणि दहावीतल्या एका मुलाने मागच्या महिन्यात गुरुविद्यालयाविषयी विचारले होते, त्याला उत्तर द्यायचे राहिले आहे. ज्या धर्मग्रामांत हस्तांतराच्या बैठकीला भगिनींना आणि घरभेटी घेणाऱ्या गटाला बोलावले जाते, तेथे नवा धर्मगुरू पहिल्याच आठवड्यात त्या म्हातारीच्या दाराशी पोहोचतो आणि त्या मुलाशी बोलतो. जेथे बोलावले जात नाही, तेथे त्याचे पहिले वर्ष कोणाकडे आधी जायचे हे शोधण्यातच जाते.